साडेपाचची धूळ

चिरंजीव भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुम्ही सत्तरीला टेकलात तरी माझ्या लेखी चिरंजीवच, कारण मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचं नाक मीच पुसत होते. गुडघा कसा आहे? (बरा आहे असं लिहू नका. मागे आलात तेव्हा खुर्चीतून उठताना तुमच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरलेले नाही.) जाऊबाईंना म्हणावं, गोळी आणि जीभ दोन्हींना वेळापत्रक असतं. माझं म्हणाल तर दात सोडून सगळं जागेवर आहे. पत्रास कारण काय ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही. तुमच्या घराण्यातल्या पुरुषांना मुद्दा कळला की ऐकू येणं बंद होतं.

तर आमच्याकडे धूळ पडते. धूळ कुणाकडे पडत नाही, असं म्हणाल. पण ही वेळ पाळते. रोज संध्याकाळी साडेपाचला, बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीभोवती. पांढरी, पिठासारखी, बोटाला चिकटणारी. दार लावलेलं, खिडकी लावलेली, पंखा बंद. सव्वापाचला फरशीवर बोट फिरवलं तर लख्ख, पावणेसहाला फिरवलं तर बोट पांढरं. आणि ऐका, खुर्चीवर मात्र कण नाही. भोवती हातभर धूळ आणि मधोमध बैठक स्वच्छ, जसं कुणी बसलेलं असताना वरून चाळणी हलवावी. (तीच खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे. तुम्ही दुरुस्त करतो म्हणालात त्याला आता वीस वर्षं होतील.) सून खोकते. ती लग्नातही खोकत होती, पण आता तिला कारण मिळालंय. मुलानं सांगून टाकलं, आई, तीन महिन्यांत धूळ थांबली नाही तर हे घर सोडायचं, अकराव्या मजल्यावर फ्लॅट बघून ठेवलाय. मी जाऊन बघून आले. खिडक्या उघडत नाहीत, दाराला उंबरठा नाही आणि खाली कोण आलंय ते एक डबी ओरडून सांगते. अशा घरात माणसानं यायचं म्हटलं तर पत्ता सापडायचा नाही. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग धुळीचं काहीतरी कर.

म्हणून मी पालिकेत गेले. तिथे हवेचं वेगळं खातं आहे. जिना चढून गेले तर टेबलावर इतकी धूळ की मी आधी पदरानं टेबल पुसलं आणि मग तक्रार दिली. तिथला साहेब हाडकुळा माणूस, सारखा नाक पुसणारा. मी त्याचं नाव नाकपुसे ठेवलं. स्वभावानं गरीब. त्यानं अर्ज भरताना विचारलं, धूळ कधीपासून? मी दुसरी नापास, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर धूळ पडलेल्या दिवशी फुली मारते. कॅलेंडरच काखेत घेऊन गेले होते. त्यानं मागे मागे जात पहिली फुली शोधली. म्हणाला, या दिवशी घरात काही काम निघालं होतं का? मी म्हटलं, काम कसलं, दीर आले होते, पन्हळ ठोकून सकाळी परत गेले. त्यानं लिहून घेतलं, "काही विशेष नाही." तेव्हा मीही तेच समजले.

मग तो एक पांढरी बशी घेऊन आला. धूळ मोजायची रीत अशी की ही बशी तीस दिवस एका जागी ठेवायची, तिच्यात काय पडेल ते पडू द्यायचं आणि मग तोलायचं. त्यानं बशी खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवली आणि मला तीनदा बजावलं, आजी, हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. पण भाऊजी, डोळ्यांसमोर मळकी बशी ठेवून जगायचं म्हणजे काय ते बाईमाणसाला विचारा. पहिले दोन दिवस मी तोंड फिरवून बसले. तिसऱ्या दिवशी हातानं आपणहून ती घासली. पुढे रोज घासायची, पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. मला वाटलं, त्याला बशी परत हवी, ती स्वच्छ दिली तर माणूस खूशच होईल. तीस दिवसांनी आला, बशी उचलली, उजेडात धरली, आणि त्याला शिंक आली नाही तेव्हाच मला शंका आली. अहवालात आलं की शून्य. सबंध शहरात इतकी निर्मळ हवा आजवर कुठे आढळली नव्हती. खात्यातल्या दोन बायका आमची बाहेरची खोली बघायला आल्या, आणि एक जण दीर्घ श्वास घेऊन गेली.

मुलगा म्हणाला, आई, तू बशी घासलीस. मी म्हटलं, मग काय चाटायची होती? नाकपुसेला बोलावून खरं सांगितलं. तो रागावला नाही, नुसता खाली बसला. (खुर्चीवर नाही. खुर्चीकडे गेला, थांबला आणि स्टुलावर बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.) मग दोन बरण्या आल्या, तोंडाला जाळी, जाळीला तार, तारेला शिक्का. एक खुर्चीवर, एक खुर्चीशेजारी. पंधरा दिवसांनी उघडल्या. खुर्चीवरची रिकामी. शेजारची अर्धी भरलेली. तो दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि म्हणाला, हवेचा झोत असेल. मी म्हटलं, असेल. दार-खिडकी बंद आहे हे त्यालाही दिसत होतं.

पंधरवड्यापूर्वी तपासणी होऊन आली. रस्त्याची माती नाही, सिमेंट नाही, राख नाही. चुना. भट्टीतून निघालेला कोरडा चुना. नाकपुसेनं कागद माझ्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, आजी, इथे आसपास चुन्याची भट्टी? मी म्हटलं, होती, पुलापलीकडे, बंद पडून अकरा वर्षं झाली. माझे हे तिथेच होते. ते कुठे असतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, चार वर्षांपूर्वी गेले. भाऊजी, त्यानंतर त्या माणसानं नाक पुसलं नाही, नाक वाहत होतं तरी.

आता त्याची अडचण निराळीच. धूळ प्रमाणाच्या तिप्पट. नियम असा की धूळ करणाऱ्याला नोटीस द्यायची, सात दिवसांची मुदत द्यायची. त्यानं भट्टीच्या नावानं नोटीस काढली, ती पोस्टातून परत आली, शेरा होता की असं ठिकाण नाही. ती हातात धरून तो आमच्या दारात उभा. आजी, ही मी कुणाला बजावू? मी म्हटलं, आणा इकडे, मी देते.

आणि दिली. खुर्चीवर ठेवली, वर चिमटा लावून. (मी असल्या गोष्टी मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण सरकारी कागद ज्याचा त्याला पोचला पाहिजे.) दुसऱ्या दिवशी खुर्ची डुगडुगत नव्हती. वाकून बघितलं तर नोटिशीची चार पदरी घडी आखूड पायाखाली. आता ह्यांनी आयुष्यात कुठला कागद वाचला? वीजबिल असो, कोर्टाचं असो, चार घड्या आणि पायाखाली. मुलाला विचारलं नाही, सुनेलाही विचारलं नाही. सुनेनं केलं असेल असं मी धरून चाललेय, तुम्हीही तसंच धरा.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि मग मला दिसलं. दाराबाहेर चौकटीला खिळा आहे, तो रिकामा. भाऊजी, मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना बजावलं होतं, भट्टी बाहेर ठेवून घरात या. कपडे झटकायचा ब्रश त्या खिळ्याला मीच टांगला. त्या दिवसापासून रोज साडेपाचला बाहेर उभं राहून बाह्या झटकायचे, टोपी गुडघ्यावर दोनदा आपटायचे, मग आत. भट्टी बंद पडली तरी झटकायचे, सवय म्हणून. आणि ते गेल्यावरही चार वर्षं उंबरठ्याबाहेर रोज एक पांढरी रेघ पडायची. मी सकाळी झाडताना पालिकेच्या रस्त्याला शिव्या घालायची. पन्हळ ठोकून झाल्यावर तुम्ही जाताना म्हणालात, वहिनी, हा ब्रश नेऊ का, बुटांना बरा आहे. मी म्हटलं, न्या, कोण वापरतंय. त्याच संध्याकाळची पहिली फुली.

येत्या बुधवारी नाकपुसे शेवटची बरणी लावणार. तिच्यात धूळ सापडली तर तो लिहील, मुलगा सामान बांधेल आणि मला त्या डबीच्या घरात नेऊन ठेवतील. मला माझ्यासाठी काही नाही. पण इथे कुणी नसलं, कुलूप असलं, तर साडेपाचला उगाच कुणाचा खोळंबा नको.

जाऊबाईंना, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम पाणी.

तुमची,
वहिनी

ता.क. कारण हे. तो ब्रश बुधवारच्या आत पाठवा. मिळेल त्या गाडीनं, पण स्वतः घेऊन येऊ नका. तुम्ही आलात की त्याच खुर्चीत बसता.

ता.क. २. मुलगा म्हणतो की धूळ थांबायला हवी. थांबायला नको, बाहेर पडायला हवी. नाकपुसेला मी विचारून घेतलं, उंबरठ्याबाहेरची धूळ त्याच्या खात्यात येत नाही, ती रस्तेवाल्यांची. आणि रस्तेवाल्यांकडे मी तक्रार करणार नाही.

ता.क. ३. लिहिता लिहिता साडेपाच झाले. पत्राच्या घडीत पांढरं काही आलं असेल तर झटकू नका, वास घ्या. तुम्हीही तिथे बावीस वर्षं काढलीत, तुम्हाला ओळखता येईल. तोच असेल तर ब्रशाबरोबर तशी एक ओळ लिहून पाठवा. नसेल तर नुसता ब्रश पाठवा, लिहू काही नका.