न फाडलेली पुडी

प्रिय दादा,

आज सकाळी घरात जे घडलं ते तुला माहीत असणारच, तू तिथेच होतास. तरी लिहितेय. आईला विचारलं तर ती नुसती हसते, आणि शेजारी सांगावं तर माझं ठरलेलं लग्न मोडायचं.

तुझ्या त्या साखरेच्या पुड्या! नव्या कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर तू परदेशी इंजिनिअरांना चहा द्यायचास आणि त्यांच्या बशीत उरलेल्या पुड्या खिशात घालून आणायचास. बोटाएवढा कागद, कडा डिंकाने चिकटवलेल्या, वर जहाजाचं चित्र. आपल्याला साखर म्हणजे पिंपरीच्या वाण्याने रद्दीत बांधून दिलेली. चमचाभर साखर कोण बांधत बसतं, असं मी विचारलं होतं.

मग तू साहेबाकडून ऐकलेलं सगळं सांगितलंस. तिकडे आधी टेबलावर साखरेचं भांडं असायचं, सगळ्यांचे चमचे त्यात. पुढे साखरेच्या वड्या करून एकेकीला कागद गुंडाळायला लागले. लढाईनंतर कुणीतरी चहाच्या पिशव्या भरायच्या यंत्रात साखर घालून बघितली आणि ज्याची त्याची पुडी झाली. कुणाचं बोट लागत नाही म्हणे. किती कौतुक होतं तुला त्याचं!

तेवढं कौतुक नसतं तर बरं झालं असतं रे. आबांचं छत्र गेल्यापासून आई आपल्या दोघांच्या हातावर साखर ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हती. त्या दिवशी धुकं होतं. ती चुलीपुढून चिमूट घेऊन आली आणि तू हात मागे घेतलास.

"राखंची बोटं तुझी. माझी पुडी हाय खिशात, वाटंत खाईन," म्हणालास आणि सायकलवर टांग टाकलीस. आई चिमूट धरून उभीच राहिली. मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तुला ट्रकने उडवलं. तुझा सदरा घरी आला तेव्हा पुडी खिशात तशीच होती. ती आईने कनवटीला लावली. बाकीच्या पुड्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात राहिल्या.

तेराव्यानंतर तिन्हीसांजेला डब्यात कागद चुरगळल्यासारखा आवाज यायला लागला. मला उंदीर वाटला. डबा उघडला तर एक पुडी हलकी लागली. फाटलेली नाही, भोक नाही, डिंक जागच्या जागी, आत मात्र काहीच नाही! डब्यात मुंगीसुद्धा नव्हती. वाण्याला दाखवली तर तो म्हणाला, ओल लागून विरघळली असेल. कागद तर कोरडा खडखडीत होता. मग एकेक करत सगळ्या तशाच होत गेल्या. तुला गोड लागत होती का रे ती? की नुसतंच चाचपत होतास?

आईला भीती वाटलीच नाही. तिने दाराला कडी लावणं सोडलं. सांगवीच्या मंडळींनी माझ्या लग्नाची तारीख मागितली तर नको म्हणाली. मी सासरी गेले की तिने पुण्यात मामाकडे राहायचं ठरलं होतं. घर बंद झाल्यावर तू आलास तर, हा तिला घोर. खरं सांगते, मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाने जित्या माणसाला असं अडकवून ठेवावं का?

काल डब्यातली शेवटचीही रिकामी झाली. आज उजाडताच आईने चूल पेटवली आणि कनवटीची पुडी काढली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे, तेवढीच उरलीय त्याची.

"कागदातली लागत न्हाई त्याला," ती म्हणाली. "माझ्या हातची मागतोय."

तिने पुडी फाडली, साखर तळहातावर ओतली आणि राखेच्या बोटांनी चिमूट उचलून उंबऱ्याबाहेर धरली. बाहेर धुकं होतं, माणूस कोणी नव्हतं. तिने बोटं सोडली. दादा, मी खाली बसून उंबरा चाचपला, सारवलेलं अंगण चाचपलं. एक दाणा पडला नव्हता.

आई पदराला हात पुसत म्हणाली, "निघाला. सांगवीला निरोप धाड."

आता मागे वळून बघू नकोस. आईची काळजी करू नकोस, तिला मी एकटी पडू देणार नाही. आणि सासरी निघताना मी हात पुढे करीन, तिच्या बोटांना कितीही राख असली तरी. ती साखर वाटेत नाही, तिथेच तिच्यासमोर खाईन. हे माझं तुला वचन.

तुझी धाकटी,
सोनी