पाइपातल्या हिरव्या विड्या

सोनिवली, बदलापूर
दि. ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप बनूबाय हिला धाकटा भाऊ हरिचंद्र याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरोखरच ठेवलं असतं, पण हल्ली खाली वाकलो की वर यायला वेणूला हाक मारावी लागते, म्हणून सध्या कागदावरच.)

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू "ठीक हाय" म्हणतेस आणि ठेवून देतेस, त्यामुळे गुडघा ठीक आहे की फोन, तेच मला कळत नाही. कोंबड्या अंड्यावर आहेत का? इकडे मी आणि वेणू खुशाल. कल्पेशने नवी गाडी घेतल्यापासून तो घरात कमी आणि गाडीत जास्त असतो, पण मुलगा खुशाल आहे असंच म्हणायचं. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मला लागोपाठ तीन वाक्यं बोलू देत नाहीस आणि घडलंय ते तीन वाक्यांत बसणारं नाही, म्हणून पेन उचललं.

आनंदनगरच्या कंपनीतून मी रिटायर झालो तेव्हा पंधरा दिवसांत वेणू म्हणाली होती, एकतर परत कामाला जा नाहीतर काहीतरी छंद लावून घ्या. म्हणून मी नर्सरीतून झाडं आणून गॅलरी भरली. नावं अशी की वाचताना जीभ अडखळावी. पानं चकाचक, पण वर्षभरात एक पाखरू फिरकलं नाही. मधमाशी यायची आणि बंद दुकानावरून पुढे जावं तशी निघून जायची. मग तू आलीस, कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, "हरिचंद, तू येरा हायस का रं? ही झारं खरी का पिलाष्टिकची, ते पाखराला तरी कसं कलंल?" येरा म्हणजे वेडा म्हटलंस याचा मला राग आला होता, हे आज कबूल करतो. पण जूनमध्ये तुझ्याच बांधावरून धायटी, रुई, कढीपत्ता आणि मूठभर तूर आणली. थोडी गॅलरीतल्या ड्रमांत लावली, थोडी इमारतीच्या मागच्या पट्टीत, जिथे बिल्डरने उरलेल्या फुटक्या लाद्या टाकल्या होत्या.

बाय, काय सांगू! डिसेंबरात तूर पिवळी झाली आणि तिच्यावर माश्यांची अशी वर्दळ सुरू झाली की बदलापूर स्टेशनबाहेरचा रिक्षास्टँड बरा. जानेवारीत धायटीला लाल फुलं आली तशी शिंजीर पाखरांची जोडी येऊ लागली. अंगठ्याएवढं पाखरू, पण ओरडतं असं की वेणूला कुकरची शिट्टी मोजता येत नाही. रुईवर पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट आले. कढीपत्त्यावर तर असे आले की लांबून वाटावं, कावळा शिटलाय. (मी ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर ती शीट चालायला लागली.) त्यांनी कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या ठेवल्या. दारात झाड असून आमटीसाठी पान विकत आणावं लागतं, हे वेणू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पण फुलपाखरं उडाली त्या दिवशी तीच सगळ्यांना हाका मारून दाखवत होती.

इथवर सगळं सुखात चाललं होतं. आता आमच्या शेजारच्या मोहिनीभाभी तलरेजा. तीन वर्षांपूर्वी उल्हासनगर कॅम्प पाचमधून इथे राहायला आल्या. यजमान परमानंदभाई, त्यांचं अजून तिकडे पँट शिवायचं दुकान आहे. माणसं लाख. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून, आणि तिच्यात गुलाबाच्या सात कुंड्या. भाभी त्या गुलाबांशी रोज सकाळी सिंधीत बोलतात. मला त्यातलं एक अक्षर समजत नाही, पण इतक्या मायेने त्या परमानंदभाईंशी बोलताना मी ऐकलेलं नाही.

तर एका सकाळी भाभींनी माझ्यासमोर गुलाबाचं पान धरलं. कडेने गोल तुकडा कापलेला, अगदी कंपास लावून कापावा तसा. दुसऱ्या दिवशी नऊ पानं. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. आता सोसायटीत पंचिंग मशीन कोणाकडे आहे? माझ्याकडे. (झाडांविषयीची कात्रणं मी फायलीला लावतो, ते भाभींनी बघितलेलं.) त्या सरळ म्हणाल्या, "हरिचंद्रभाई, मेरे गुलाबसे जलते हो क्या?" मी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, पुराव्याशिवाय बोलत नाही. आतून व्हर्नियर आणला, पान मापलं आणि त्यांना समजावलं की पंचिंगचं भोक सहा मिलिमीटरचं असतं आणि हा तुकडा भरतोय दहाचा. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मतलब आपने नाप भी लेके रखा है." त्यानंतर आमच्याकडे येणारी सिंधी कढी बंद झाली.

पण खरा घोळ पुढे आहे. त्यांच्या गॅलरीत छताला कपडे वाळत घालायचे पोकळ पाइप टांगलेले आहेत. एकाचं टोकाचं बूच पडलेलं. भाभींनी पुसायला तो पाइप खाली काढून तिरपा केला आणि आतून टपाटप आठ विड्या पडल्या. हिरवट, पानात घट्ट गुंडाळलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या. परमानंदभाईंना पूर्वी विडीचं फार वेड होतं. दोन वर्षांपूर्वी छातीचं दुखणं निघालं, तेव्हा भाभींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विडी सोडली होती. भाभींनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी त्या आठ विड्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि बोलणंच बंद केलं. जेवायला वाढायचं, पण तोंडातून शब्द नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भावाकडे उल्हासनगरला जायची बॅग भरली. आणि भरता भरता, जाताजाता माझाही हिशोब चुकता करावा म्हणून, सेक्रेटरी नरेंद्र यांच्याकडे लेखी तक्रार केली. लगेच बोर्डावर नोटीस: जंगली झाडांमुळे किडे, सुरवंट व इतर जंगली प्रकार वाढले असून ती सात दिवसांत काढावीत, अन्यथा सोसायटी उपटून टाकील. (इतर जंगली प्रकारांत माझं नाव नव्हतं, पण लोक वाचून झालं की माझ्याकडे बघायचे.)

त्या दुपारी परमानंदभाई आमच्याकडे आले. सोफ्यावर बसले आणि बाय, पासष्ट वर्षांचा माणूस, वेणूसमोर डोळे पुसायला लागला. म्हणाले, "झूलेलाल की कसम, मैने दो साल में एक नही पी. लेकिन डब्बे में देखता हूँ तो मेरेको भी लगता है, मैने ही पी होगी." मला गलबलून आलं. मीही त्याच तुरुंगातला कैदी. आम्ही ठरवलं, चोर पकडायचा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघे आरोपी आमच्या गॅलरीत, तुरीच्या ड्रमामागे, प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. समोर वेणूची चादर धरली होती, म्हणजे आम्ही दिसू नये. (चादरीवर मोठमोठे मोर आहेत, त्यामुळे रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, ते सोड.) साडेबारापर्यंत काही नाही. परमानंदभाई घोरायला लागले. एवढ्यात तुरीवरची एक माशी उठली. मधमाशीसारखीच, पण जरा जाड, पोटाखाली पिवळी पूड फासलेली. ती गुलाबावर गेली, पानाच्या कडेवर बसली आणि कात्रीसारखी गोल फिरली. मी दहा आकडे मोजेपर्यंत तुकडा कापून पोटाशी धरला, उडाली आणि थेट त्या पाइपात! मी परमानंदभाईंना ढोसलं. दुसरी फेरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि चादर फेकून ओरडले, "मोहिनी! चोर! चोर मिल गया!"

भाभी बॅग घेऊन दारातच होत्या. आल्या, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आणि माशी येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. परमानंदभाई पाइपाकडे हात जोडून बघत होते. मला वाटलं आता हा संसार आणि माझी धायटी दोन्ही जाणार. मग ती आली, चांगला मोठा हिरवा तुकडा घेऊन, भाभींच्या नाकासमोरून गेली आणि पाइपात शिरली.

भाभींनी डबा आणला आणि एक विडी उलगडली. आत पिवळा परागाचा गोळा आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी. विडी कसली, पाळणा तो. भाभींचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, "हाय राम, ये तो बच्चा है. अब बंद कैसे करें?" मी आयुष्यभर पॅकिंगचा माल सांभाळला, पण ते पान मला काही पुन्हा गुंडाळता आलं नाही. राहिलेल्या सात त्यांनी एकेक करून, श्वास रोखून, पाइपात सरकवल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "दो साल में एक भी नही?" ते म्हणाले, "एक भी नही." भाभींनी त्यांच्या खांद्यावर एक फटका मारला आणि तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मी चादर घडी करायला घेतली. अशा वेळी माणसाने काहीतरी घडी करावी.

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. नरेंद्र नोटीस वाचू लागले तर भाभी उठल्या, "कंप्लेंट मैने दी थी, मै वापस लेती हूँ," म्हणून त्यांनी तो कागद त्यांच्या हातातून काढूनच घेतला. नरेंद्र म्हणाले, अर्ज मागे घ्यायला अर्ज लागतो. भाभी त्यांना असं काही सिंधीत बोलल्या की ते म्हणाले, अर्ज नंतर दिला तरी चालेल. झाडं राहिली. उलट मागची सगळी पट्टी गावठी झाडांना द्यायचं ठरलं आणि बागेचा प्रमुख म्हणून माझं नाव टाळ्यांत मंजूर झालं. भाभी आता त्या पाइपावर रुमालसुद्धा वाळत घालत नाहीत, परमानंदभाईंचे शर्ट आमच्या दोरीवर असतात.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लाव आणि पायऱ्या सांभाळून उतर. थोरांना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझा आज्ञाधारक भाऊ
हरिचंद्र

ता. क. – एक बारीकशी गोष्ट राहिली. सभेत लोकांनी विचारलं, पट्टीत काय काय लावणार? मला चारपलीकडे नावं आठवेनात. तेव्हा तोंडातून निघून गेलं की माझी बहीण या विषयातली जाणकार आहे, ती पुढच्या रविवारी चार वाजता येऊन माहिती सांगेल. बोर्डावर तसं लागलंय. खाली तुझा फोटो आहे, कल्पेशच्या हळदीतला. नाही म्हणू नकोस.

ता. क. दुसरा – बाय, मी वेणू. हे पत्र यांनी आठवडाभर लिहिलं आणि पोस्टात टाकायला विसरले. रविवार आज आहे. पत्र घेऊन कल्पेश गाडीने आलाय, तो दारातच उभा असेल. त्याला चहा देत बसू नका. साडी बदला आणि निघा, माणसं खाली जमली आहेत.