रंजूला भीती वाटत नाही म्हणून

नाकाडोंगरी, ७ एप्रिल २०२५

ती. उषाआत्यास, रुचिकाचा सा. न. वि. वि.

मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुला खोटं लगेच कळतं. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी इथल्या बायकांच्या मुलाखती घेते आहे. वाघ फिरतो त्या जंगलात मोहफुलं वेचायला जाताना मनात काय होतं, हा विषय. सर म्हणतात, प्रश्न कमी विचार, गप्प बस, माणूस आपसूक बोलतं. काल तशी गप्प बसले आणि नको ते ऐकून बसले.

रंजू माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याला, मिथुनला, मागच्या मोहाच्या दिवसांत वाघानं मारलं. भीतीबद्दल विचारलं तर हसली. म्हणाली, मले भेव नाही लागत. मी एकटीच जातो, तो पडला होता तिथंच जाऊन बसतो. वाघानं मलेही नेलं तं सुटीन. मग म्हणाली, कोणाले सांगू नको. मी मान डोलावली.

जिवाला धोका असेल तर गोष्ट गुप्त ठेवता येत नाही, हे मुलाखतीआधी सांगायचं असतं. मी विसरले गं. आता तिच्या सासूला, बायाबाईला सांगू की शब्द पाळू? सरांचा फोन लागत नाही. रेंज टेकडीवर मिळते, तिथं अर्धं गाव कान देऊन असतं. म्हणून वरठीला कामावर येणाऱ्या भुपेंद्रभाऊंच्या हाती ही चिठ्ठी.

या भित्र्या भाचीवर माया असू दे.
तुझी रुचिका

वरठी, ७ एप्रिल

चि. रुचिकाले पोटभर आशीर्वाद.

भुपेंद्र दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. अवो पोरी, असं कागद लिहून वाट पाहत बसतेत काय? गाव ऐकते तं ऐकू दे! इतकी वर्षं दवाखान्यात नर्स होतो मी. असं बोलणाऱ्या माणसाले एकटं सोडत नाही. पण मागून चुगली करू नको. आधी तिलेच सांग, का मी भेलो अन् बायाबाईले सांगून राहिलो. रागावन ते. रागावू दे. जिती राहून रागावन ना!

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतेत. घेऊन ये, मी स्टँडवर भेटतो. तुह्या बाबाले सांगितलं नाही, नाही तं तो आत्ताच गाडी काढन.

जेवत जाय. मी आहो.
उषाआत्या

नाकाडोंगरी, ९ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

भुपेंद्रभाऊ आज सकाळी परतले. चिठ्ठी मिळताच रंजूकडे धावले. ती पहाटेच जंगलात गेली होती, टोपली घरीच ठेवून. म्हणजे फुलं वेचायला गेलीच नव्हती. बायाबाईला सगळं सांगावंच लागलं. आधी रंजूला सांगायचं राहिलं ते राहिलंच. बायाबाईनं कुऱ्हाड घेतली, मी नुसती तिच्या मागं. सुक्या पानांवर आमचीच पावलं वाजली तरी मी मागं वळून बघे.

रंजू मोहाच्या झाडाखाली बसलेली सापडली. मला पाहून म्हणाली, तू ऐकाले आली होती, का धराले? माहा आवाज पुस. तिच्यासमोर फोनवर रेकॉर्ड केलेली मुलाखत पुसून टाकली. बायाबाई कुऱ्हाड टाकून तिच्याजवळ बसली. म्हणाली, पोरगा गेला. आता तूही गेली तं मी कोणासंग भांडू? तेव्हा रंजू रडली.

उद्या दोघींना घेऊन येते. रंजू माझ्याशी बोलत नाही, बोलेल असंही वाटत नाही. पण परत येताना झुडपात काही तरी खसखसलं. माकड होतं. सगळ्यांत आधी दचकली ती रंजू. बायाबाईचा हात तिनं असा गच्च धरला, की गाव येईपर्यंत सोडला नाही.

स्टँडवर लवकर ये. मला अजून भीती वाटते.
तुझीच रुचिका