उकळलेली कोरणी

मामंजी, परवा साताऱ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या दाढेत तुम्ही भरलेली चांदी पाहिली आणि म्हणाले, "काढून नवी घालू." मी नको म्हटलं. बाई भ्याल्या, असं त्यांना वाटलं. वाटू दे.

लढाईच्या दिवसांत विलायतेहून येणाऱ्या, दात कोरायच्या पोलादी कोरण्या बंद झाल्या होत्या. आपल्या सांगलीच्या दवाखान्यात होत्या तेवढ्याच तुम्ही प्रत्येक रोग्यानंतर उकळायला लावायचात, आणि ते काम सुनेकडे. पाण्यात धुण्याचा सोडा घातला, बाहेर काढल्याबरोबर कोरड्या केल्या, तरी उकळून उकळून त्यांवर गंजाचे ठिपके पडत आणि धार बोथट होत जाई. मी वाद घालते आहे, "मामंजी, स्मृतींत धातूची शुद्धी राखेनं आणि पाण्यानं सांगितलीय. उकळायला कुणी सांगितलंय?" तुम्ही चष्म्यावरून पाहता. "स्मृतिकारांच्या तोंडात दुसऱ्याची कोरणी गेली नव्हती. आधण ठेव."

एक नवी कोरणी मात्र तुम्ही माझ्या किडक्या दाढेसाठी राखून ठेवली होती. सूनबाईला बोथट लावायची नाही, हा तुमचा हट्ट. अशात तासगावकडचा एक रजेवर आलेला शिपाई खुर्चीत बसला. तुम्ही पायानं यंत्र फिरवताय, कोरणी नुसती घासतेय आणि तो ओरडतोय, "आवं डाक्टर, दात कोरताय का हीर खणताय? जमत न्हाई तर उपटून टाका, उद्या पलटणीत जायचं हाय!" दात वाचण्यासारखा होता. तुमचा पाय थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीच नवी कोरणी पुढे केली. मनात म्हटलं, ही कुणाच्या तोंडात गेलेली नाही, आता तरी तशीच लावाल. तर तुम्ही म्हणालात, "आधी उकळ." शिपाई कण्हला, "आता त्यातच भात बी शिजवा!"

दात वाचला. माझी पाळी आली तोवर ती कोरणीही बोथट होऊन इतरांच्या पंक्तीला जाऊन बसली होती. तुम्ही घडीघडी विचारायचात, "दुखतंय का गं?" मी मान हलवून नाही म्हणायची आणि मनात रामशब्द चालवायची. विभक्त्या संपल्या, दाढ संपेना.

हे पत्र पेटीतच राहील; सासऱ्यांना असलं लिहीत नाहीत. सासरी आल्यावर माझी म्हणून कुणी राखून ठेवलेली ती पहिलीच वस्तू होती, मामंजी. शिपायासाठी ती देताना मी हसले खरी. पण क्षणभर हातातून सुटेना.