बाराव्या आठवड्याचं रक्त

४ जुलै
वहिनीला बार्शीटाकळीहून अमरावतीला मीच आणलं, आमच्या लॅबच्या अभ्यासात नाव घालायला. बारावा आठवडा. रक्त मीच काढलं, नावाऐवजी कोडचं लेबलही मीच चिकटवलं. गरोदरपणात पुढे साखर वाढणार का, ते रक्तातल्या तीन प्रथिनांवरून आधीच ओळखायचं. आई खूश. म्हणे घरचीच लॅब.

२१ ऑगस्ट
पहिल्या खेपेचे आकडे आले. एक कोड ओळखीचा. वहिनीचाच. तिन्ही प्रथिनांचे आकडे धोक्याकडचे. लॅबप्रमुख सरांकडे गेले. "हा अंदाज आहे, निदान नाही. अभ्यास संपेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही. आणि कोड लक्षात ठेवलातच कसा?" वर मलाच झापलं. नियम मोडला हे खरंच. पण आता माहीत आहे, त्याचं काय करू...

२ ऑक्टोबर
वहिनीला पंचविसावा आठवडा लागेल. या दिवसांत साखरेची टेस्ट सगळ्याच बायकांची करतात, दादाला फोनवर तेवढंच सांगितलं. तो म्हणे, "तुह्याच लॅबात रक्त देल्लं ना? मंग पुन्हा कायले टोचता तिले? काही असतं तं तू सांगतलं असतं."
माझ्या गप्प बसण्यालाच हे रिपोर्ट समजून बसलेत. संताप आला. दादाचा नाही, स्वतःचा. तरी पुढे बोलले नाही.

२५ ऑक्टोबर
बार्शीटाकळी. डोहाळजेवण. वहिनीच्या ताटात पुरणपोळी, बासुंदी, दोन लाडू. शेजारच्या काकूंनी विचारलं, "इतकं गोड चालते का तिले?" आईने माझ्याकडे बोट केलं, "आमची पोरगी तपासते ना रक्त. तिनं पास केलं." बायका हसल्या. मीही हसले. बासुंदी मीच वाढली. लाज कशी वाटली नाही मला.

२६ ऑक्टो., रवि.
राहवलं नाही. सकाळी ग्लुकोजची पुडी आणली, पाण्यात कालवून वहिनीला पाजली. दोन तासांनी बोट टोचून साखर मोजली. एकशे चाळीसच्या आत हवं. दोनशे अठरा.
दादा अंगणात निघून गेला. आई देवघरात जाऊन बसली. वहिनी तेवढी सरळ माझ्याकडे बघत होती.
"ताई, तुमाले पयलेच माईत होतं काय?"
म्हटलं, उद्या अकोल्याला डॉक्टरांना दाखवू, वेळ गेलेली नाही.
"म्या ते नाई विचारलं."
उद्या गाडीत अकोल्यापर्यंत तिच्या शेजारी मलाच बसायचं आहे.