२००६ चे मृत्युपत्र रद्द करताना

मी, श्रीमती दमयंती लक्ष्मण करमाडकर, वय ५९, राहणार बजाजनगर, आज सकाळी भरपूर पोहे खाऊन, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाऊजींना शंका नको.

१. मी २००६ साली केलेले मृत्युपत्र याद्वारे पूर्णपणे रद्द करते. तेव्हा मला एड्स होता. वजन एकतीस किलो, तोंड आतून बुरशीने पांढरे, छातीत क्षय. यजमान याच आजाराने त्याआधी तीन वर्षे गेलेले. डॉक्टरांनी मला सहा महिने दिले होते. मुलगी मनस्विनी आठ वर्षांची. तिला सांभाळण्याच्या अटीवर मी हे घर माझे दीर विश्वजित यांच्या नावे लिहिले. मग विषाणू दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मरायचे राहून गेले. आज माझ्या रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही.

२. सदर रद्द मृत्युपत्राची झेरॉक्स विश्वजित भाऊजी अजून खिशात घेऊन फिरतात. मी दवाखान्यात असताना मनस्विनी शेजारच्या कडूबाईंकडे जेवली, झोपली. भाऊजींनी तेवढ्या काळात दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावून घेतली. मी अकरा किलो वजन वाढवून रिक्षातून उतरले, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही? इतक्यात?" पुढे २०१३ च्या दुष्काळात ती पाटी मी पाण्याच्या ड्रमच्या झाकणावर वजन म्हणून ठेवली. ती त्यांना घासूनपुसून द्यावी. याव्यतिरिक्त त्यांना काहीही देणे नाही.

३. बजाजनगरचे घर, दोन खोल्या व गच्ची, एकट्या मनस्विनीचे. आम्ही राहायला आलो तेव्हा मागे बाजरी डोलायची, आता पाच मजली इमारत आहे. जागेला भाव आल्यापासून भाऊजींना आमची फार आठवण येते.

४. चितेगाव रस्त्यावरच्या एड्स रुग्णांच्या काळजी केंद्रात मी २००७ पासून बारा वर्षे काम केले. खाटा दहा. रुग्ण कोणत्या आजाराने आला याचे रजिस्टर मी लिहीत असे. त्यात नावे नाहीत. पहिल्या वर्षी क्षयाचे त्रेपन्न, घशातल्या बुरशीचे एकवीस, मेंदूज्वराचे नऊ. लोक गोळ्या नेमाने घेऊ लागले तसे आकडे उतरत गेले. २०१३ च्या दुष्काळात मात्र क्षय पुन्हा वर चढला. टँकर कधी येईल याचा नेम नसे. रांग सोडून शहरात गोळ्या न्यायला कोण येणार? मी रजिस्टरवर डोके ठेवून रडले. आमची परिचारिका जहांआरा म्हणाली, "रडून काय व्हतंय ताई? सगळं गाव टँकरवर जमतंय ना? मग आपण बी तिथंच जाऊ. चला!" आम्ही गोळ्या चहाच्या पुड्यांत बांधून करमाडकडच्या गावांत टँकरवरच पोचवल्या. कुणाला वासही लागला नाही.

२०१९ च्या पानावर क्षयाचे दोन आहेत, बाकी रकाने कोरे. खाटांवर निजायला माणूस नाही म्हणून केंद्र बंद झाले, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे रजिस्टर जहांआराने घ्यावे आणि रिपोर्ट हातात धरून रडणाऱ्या प्रत्येकाला त्याचे पहिले व शेवटचे पान दाखवावे.

५. माझ्या निधनाच्या बातमीत 'दीर्घ आजाराने' असे छापू नये. 'वृद्धापकाळाने' असेच छापावे. २००६ साली आमच्या वॉर्डात हा शब्द कुणाच्याही वाट्याला येत नव्हता. त्यासाठी मला आधी म्हातारे व्हावे लागेल, ते मला मान्य आहे. निदान पंचवीस वर्षे लागतील. तोवर या घरात मीच राहणार आहे, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

सही: दमयंती लक्ष्मण करमाडकर

आमच्यासमक्ष सही केली:
१) डॉ. चारुता अमेय पाठक
२) कडूबाई सखाराम दाभाडे (अंगठा)

छत्रपती संभाजीनगर, दि. १२ मे २०२४