ओर्ना नदीचा पूल आणि माझा उपप्रश्न

३ फेब्रुवारी, सोमवार. एडिंबरा.

चिठ्ठी निघाली! पाच वर्षांत पहिल्यांदा. ग्रामीण, पर्यावरण आणि स्थानिक कारभाराच्या प्रश्नोत्तरांसाठी आठ आमदारांची नावं काढतात, त्यात मी तिसरा. बुधवार, १२ तारीख. सरकारची आता खैर नाही.

विषय ठरलेलाच. ऑक्टोबरच्या वादळात माझ्या मतदारसंघातल्या ग्लेन ओर्ना गावाचा पायपूल वाहून गेला. नदीच्या पलीकडे एकच घर, त्यात डोलिनाबाई. वय एकोणऐंशी. मला दुसरी ते पाचवी त्यांनीच शिकवलं. दुकान, टपाल, डॉक्टर सगळं अलीकडे. आता त्यांना वरच्या रस्त्याच्या पुलावरून सात मैलांचा वळसा, तोही डोंगरातल्या पायवाटेने. इन्व्हरनेसला भाचीकडे जा म्हटलं तर म्हणतात, कोंबड्यांकडे कोण बघणार? सरकार चार महिने ढिम्म. बाईंना मी शब्द दिलाय, पूल आणीन.

दोन संकल्प. उद्यापासून संसदेत चालत जायचं (रक्तदाब). खिमा भरलेले मीट पाय खाणं बंद.

४ फेब्रुवारी.

पाऊस. टॅक्सी.

प्रश्न लिहिला. तीनशे चाळीस शब्द. सुरुवात ओर्ना खोऱ्याच्या इतिहासापासून, शेवट सरकारच्या राजीनाम्याच्या मागणीने. माझी सेक्रेटरी कर्स्टी (वय सव्वीस, आदर शून्य) म्हणाली, नियमाप्रमाणे छापील प्रश्न एका वाक्याचा हवा. मी म्हटलं, एकच वाक्य आहे, स्वल्पविराम मोज. तिने मोजले. एकसष्ट.

५ फेब्रुवारी, सकाळी ११.५२.

मुदतीच्या आठ मिनिटं आधी प्रश्न दाखल. अंतिम मजकूर: ‘ग्रामीण भागातील पादचारी पुलांबाबत सरकारचे धोरण काय आहे?’

वरवर पाहता मिळमिळीत. पण हे आमिष आहे. खरा घाव उपप्रश्नात. तो आधी कळवावा लागत नाही, त्यामुळे मंत्रीमहोदयांना काही पत्ताच नसणार. ओर्नाचं नाव ऐकताच तोंडचं पाणी पळेल. कर्स्टीला डावपेच कळत नाहीत. ती म्हणाली, त्यांना पत्ता नसला तर उत्तर तरी कसं देतील? मुद्दा तोच आहे ना!

एक मीट पाय. दाखल करण्याचा दिवस हा नेहमीचा दिवस नव्हे.

८ फेब्रुवारी, शनिवार. ग्लेन ओर्ना.

गावच्या हॉलमध्ये सकाळी दहा ते बारा या वेळेत जनतेला भेटलो. म्हणजे भेटायला बसलो होतो. कोणी आलं नाही. तक्रार असलेला माणूस येतो, विश्वास असलेला घरी बसतो. चहासोबतचे चार स्कोन उरले होते, वाया जाऊ दिले नाहीत.

बाहेर रूरी मॅकइन्स भेटला. सामन मासे पाळतात त्या मत्स्यशेतीवर मुकादम आहे. ट्रेलरमध्ये माशांच्या पिंजऱ्यांभोवतीचे जुने लोखंडी कठडे. कशाला नेतोस म्हणून विचारलं. तो ढगांकडे बघत म्हणाला, डोलिनाबाईंच्या खुराड्याला. मला भरून आलं. सरकार झोपलेलं असताना माणसं अशी एकमेकांच्या उपयोगी पडतात. कठडे नदीपलीकडे कसे नेणार हे विचारायचं राहिलं.

नदीवर जाऊन पाहणी करणार होतो, पण बर्चच्या झाडीत चिखल फार आणि बूट नवे. शिवाय नसलेला पूल बघायला जायचं कशाला?

दुकानात खुद्द बाई! पीठ, चहा आणि पेपर घेत होत्या. सात मैल चालून आलेल्या, पण बूट कोरडे, केस जागच्या जागी, धाप नाही. याला म्हणतात जुनी हाडं. मला पाहताच कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, फार्कर, तो प्रश्न आता नाही विचारलास तरी चालेल. आमचं भागतंय.

भागतंय! या एका शब्दात केवढी निराशा. मी म्हटलं, बाई, तुम्ही हरलात तरी मी हरणार नाही. त्यांनी माझी बाही ओढली. अरे ऐक तर, म्हणाल्या, नकोच विचारूस. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

१० फेब्रुवारी.

धुकं. टॅक्सी.

कर्स्टी सांगते, रूरीचे दोन फोन आले, प्रश्न मागे घ्या म्हणतोय. अस्सं. म्हणजे वरून दबाव आला. गरीब माणूस घाबरला. मी कर्स्टीला बजावलं की बुधवारपर्यंत गावाकडचा एकही फोन मला द्यायचा नाही. ती ‘पण सर, तिकडे म्हणे’ एवढं बोलली आणि मी हात वर केला. लढाईच्या आधी सेनापतीचं डोकं शांत हवं.

११ फेब्रुवारी.

आरशासमोर उपप्रश्न नऊ वेळा म्हटला. ‘एकोणऐंशी वर्षांची म्हातारी’ इथे आवाज कापायला हवा. चौथ्यांदा आपोआप कापला. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाने भिंत ठोकली. दाद दिली असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

इतिहास घडला.

पहिला प्रश्न बीव्हर नावाच्या प्राण्यांनी तोडलेल्या झाडांवर, दुसरा खेड्यातल्या बसवर. मग मी. मंत्रीमहोदयांनी छापील उत्तर वाचलं, धोरण सर्वसमावेशक वगैरे. मी उठलो. बाईंचं वय सांगितलं, सात मैल सांगितले, पिठाची पिशवी सांगितली, ‘भागतंय’ सांगितलं. अध्यक्ष म्हणाल्या, सदस्यांनी प्रश्न असेल तर विचारावा. मी गरजलो, ‘मंत्रीमहोदया त्या काठावर स्वतः येऊन उभ्या राहायची हिंमत दाखवतील काय?’

मी तयार होतो टाळाटाळीला. पुढचं वाक्यही पाठ होतं. पण मंत्रीमहोदया उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, सदस्यांच्या बोलण्याने मी हेलावून गेले आहे. मी जरूर येईन. नदी खात्याचे अधिकारीही सोबत आणीन.

नमल्या! सगळ्या सभागृहासमोर! पाच वर्षांत कोणत्या आमदाराने मंत्र्याला डोंगरात ओढून नेलंय? पक्षाच्या प्रतोदांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं नाव बरोबर घेतलं.

दोन मीट पाय.

१३ फेब्रुवारी.

गावाकडून अभिनंदनाचा एकही निरोप नाही. आश्चर्य. शेवटी मीच रूरीला फोन लावला.

पूल आहे.

पुन्हा लिहितो. पूल आहे. अठरा जानेवारीपासून. रूरी आणि मत्स्यशेतीवरच्या सहा जणांनी पिंजऱ्यांभोवती चालायचे जुने लोखंडी मार्ग जोडून दोन शनिवारांत उभा केला. नदीच्या पात्रात दोन खांब. आणि ओर्नाच्या पात्रात आहेत मोत्यांचे शिंपले, ज्यांना कायद्याचं संरक्षण. तिथे साधी खुंटी ठोकायची तरी परवानगी लागते. यांनी तीन अर्ज केले, तिन्ही वेळा उत्तर आलं, माहिती अपूर्ण. मग खांब शिंपले चुकवून रोवले आणि सगळा गाव गप्प बसला. अधिकाऱ्यांनी पाहिलं तर रूरी कोर्टात.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? रूरी म्हणाला, ‘तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. आणि बाईंनी सांगायचा प्रयत्न केला तर तू रडायला लागलास.’

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं कर्स्टी म्हणाली. मी तिला म्हटलं, प्रश्न चूक नव्हता. वस्तुस्थिती बदलली, ती मला न विचारता.

१४ फेब्रुवारी.

मंत्रीमहोदयांना पत्र. रस्ता खराब, हवा खराब, आपला वेळ अमूल्य. दौरा उन्हाळ्यात ठेवावा.

बर्फ. टॅक्सी.

१७ फेब्रुवारी.

उत्तर आलं. सदस्यांनी वर्णन केलेली परिस्थिती इतकी गंभीर आहे की उन्हाळ्यापर्यंत थांबणं योग्य होणार नाही. दौरा याच शुक्रवारी, २१ तारखेला.

माझं वक्तृत्व दुधारी आहे, हे मान्य करावं लागेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार. ग्लेन ओर्ना.

दिवसभर पूल उतरवला. पहिल्यांदाच पाहिला आणि उतरवायलाच पाहिला. काय पूल होता! हलत नव्हता, डुलत नव्हता, कठड्याला बाईंच्या हाताच्या उंचीवर दोर गुंडाळलेला, थंडीत लोखंड हाताला लागू नये म्हणून. सरकारला सुचलं नसतं ते. मी मध्ये उभा राहून एवढं म्हणालो, तर रूरी म्हणाला, आमदारसाहेब, पाना धरा.

पाना धरला. पाना नदीत पडला. तो एकच होता त्या मापाचा. दुसरा आणायला माणूस गेला आणि तीन तास गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई पलीकडच्या काठावरून बघत होत्या. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा हात हलवून घरात गेल्या. रूरी म्हणाला, काही नाही, शनिवारी पुन्हा उभा करू. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

मंत्रीमहोदया आल्या. रबरी बूट स्वतःचे, जुने. हे अपेक्षित नव्हतं. काठावर उभं राहून त्यांनी पाणी पाहिलं, पलीकडे शाल घेऊन उभ्या असलेल्या बाई पाहिल्या आणि खरोखर हळहळल्या. मी छाती पुढे काढून म्हटलं, बघा, आहे का पूल? रूरी दुसरीकडे बघत होता.

नदी खात्याचे एक अधिकारी वाकून शिंपले मोजत होते. पात्रात दोन ताजे खड्डे दिसले, ते म्हणाले, हे कशाचे? रूरी म्हणाला, पाणमांजरं. अधिकाऱ्यांनी खड्ड्यांकडे पाहिलं, रूरीकडे पाहिलं आणि वही मिटली. भला माणूस.

मग मंत्रीमहोदया म्हणाल्या की त्या नुसत्या सहानुभूतीवर थांबणार नाहीत. सदस्यांनी हिंमतीची भाषा केली होती, त्या कृती करतील. पुलाची गरज किती, याचा रीतसर अभ्यास होईल. नदीच्या या वळणावर कोण येतं, कोण जातं, रात्रंदिवस नोंद होईल. अधिकाऱ्यांनी पिशवीतून एक कॅमेरा काढला आणि बर्चच्या झाडाला, बरोबर पुलाच्या जागेसमोर, पट्ट्याने आवळून बांधला.

मी विचारलं, किती दिवस?

दीड वर्ष, त्या म्हणाल्या. आणि माझे आभार मानले.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

पुलाचे तुकडे रूरीच्या शेडमध्ये. कॅमेरा झाडावर. त्याच्यासमोर आता खुंटीही ठोकता येणार नाही.

सकाळी दुकानात गेलो. बाईंचं पीठ, चहा, पेपर आणि कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं काउंटरवर बांधून ठेवलेलं होतं. कोणी मला उचल म्हणालं नाही. मीच उचललं. शब्द दिलाय ना, मागे हटणारा मी नव्हे. दर शनिवारी नेईन, सरकारच्या नाकावर टिच्चून. कॅमेऱ्याला टिपू दे.

(कॅमेऱ्यात मी दिसणार नाही, वळसा त्याच्या मागून जातो, हे चौथ्या मैलावर लक्षात आलं.)

टॅक्सी नाही. पायवाट. नव्या बुटांचं नाव काढायला नको. पाऊण वाजता पोचलो. बाईंनी चहा दिला, पाय गरम पाण्यात ठेवायला लावले, जसं शाळेत भिजून गेल्यावर करत. मी म्हटलं, बाई, माफ करा, माझ्यामुळे झालं. हे वाक्य आरशासमोर एकदाही म्हटलं नव्हतं, तरी आवाज कापला.

त्या रागावल्या नाहीत. दाणे डब्यात ओतत म्हणाल्या, ‘अरे, वर्गातही तुझं हेच. उत्तर फळ्यावर लिहिलेलं असायचं, आणि तू हात वर करून प्रश्न विचारायचास.’

परतीचे सात मैल अजून बाकी आहेत. चालण्याचा संकल्प आजपासून सुरू.